हौशी कबड्डी लीगसाठी उत्तेजकांचा नियम लिहितोय, मदत हवी

कोपरारक्षक

मंडळी,

आमच्या तालुक्यात आम्ही काही जण मिळून दर हिवाळ्यात हौशी कबड्डी लीग भरवतो. बारा संघ, दोन वजनी गट, शाळेचं मैदान, रात्रीचे सामने. पोरं दिवसा कामावर असतात. कुणी एमआयडीसीत पाळीवर, कुणी डेअरीत, कुणी कॉलेजात. जेवून साडेसातला मैदानावर हजर. या महिनाअखेर नव्या हंगामाची बैठक आहे आणि नियमावलीत उत्तेजक द्रव्यांचं नवं कलम लिहायचं काम माझ्याकडे आलंय. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. म्हणून इथे विचारतोय.

हे कलम कशामुळे आलं ते सांगतो. गेल्या हंगामातला उपांत्य सामना. उत्तरार्धाची सात-आठ मिनिटं उरलेली. एका संघाचा चढाईपटू, वय वीस, चढाई करून परत आला आणि मध्यरेषेजवळच खाली बसला. आम्हाला वाटलं पायात गोळा आला. जवळ गेलो तर हात थरथरत होते, जबडा घट्ट आवळलेला, ओठ कोरडे पांढरे. गळ्यावरची शीर इतकी उडत होती की चार पावलांवरून दिसावी. एकच म्हणत होता, "काका, छातीत कसंतरी होतंय." १०८ ला फोन लावला, पण थांबायचा धीर झाला नाही. एकाच्या गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याने काय घेतलंय?" आम्ही पाच जण उभे होतो. त्यांनी तीनदा विचारलं. आम्हा मोठ्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते गप्प होते. वीसेक मिनिटांनी त्याचा जोडीदार बाहेरच्या पायरीवरून उठून आत आला आणि मोज्यातून एक काचेची कुपी काढून टेबलावर ठेवली. लेबल अर्धं खरवडलेलं. मेफेन्टरमाइन एवढं वाचता येत होतं. त्यानंतर डॉक्टरांना नेमकं काय करायचं ते कळलं. पोरगा वाचला.

त्या जोडीदाराला मी नंतर विचारलं, आधी का नाही बोललास? म्हणाला, "नाव कापलं असतं ना काका. त्याचं पण आणि संघाचं पण."

आमच्या नियमावलीत तेव्हा या विषयावर एकच ओळ होती: 'नशा अथवा उत्तेजक घेऊन खेळणाऱ्यास व त्याच्या संघास तत्काळ बाद करण्यात येईल.' ती ओळ मीच लिहिली होती. ती वीस मिनिटं त्या ओळीच्या भीतीने गेली.

तर आता प्रश्न असा. आमच्याकडे तपासणीची सोय नाही, प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत. नियम तर हवाच. तो कडक असावा, पण पोरांना गप्प बसवणारा नसावा. कसा लिहू?

औषधवाला

बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे, म्हणून आधी त्या कुपीबद्दल.

मेफेन्टरमाइन हे ऑपरेशन थिएटरचं औषध. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ ते वापरतात, समोर मॉनिटर चालू असतो. त्याने रक्तदाब आणि नाडी दोन्ही चढतात, थकवा जाणवेनासा होतो. धडधाकट पोराचा रक्तदाब मुळात बरोबर असतो, त्यात खेळाने नाडी आधीच वर गेलेली, घामाने पाणी गेलेलं. त्यावर हे म्हणजे उतारावरच्या गाडीला आणखी धक्का. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि याची सवय लागते, हे पोरांना कुणी सांगत नाही. झोप उडते, संशयी स्वभाव होतो, काहींना भास होतात.

हे शेड्यूल एच मधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरी ते जिमपर्यंत आणि भरतीच्या मैदानांपर्यंत पोचतं, त्यावर राज्यात ठिकठिकाणी छापे पडलेले आहेत. आमच्याकडे मुलगा येतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "बीपीचं इंजेक्शन मिळेल का?" कुणासाठी म्हटलं की "आजोबांसाठी". बीपी वाढलेल्या आजोबांना बीपी वाढवायचं इंजेक्शन कोण देईल? मी नाही म्हणतो. पुढच्या दुकानात काय होतं, ते मला माहीत नाही असं म्हणणार नाही.

नियमात पहिलं वाक्य सुईबद्दल लिहा. मैदानाच्या आवारात सुई-सिरिंज दिसता कामा नये. मधुमेही खेळाडू असेल तर त्याने आधी कळवावं. सुई ही डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही. आणि एकच सुई चौघांत फिरली तर हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही हे तिन्ही त्या वाटेने येतात.

सरळप्रश्न

भावना समजू शकतो, पण विचारतोच. जे तपासता येत नाही त्याचा नियम करायचा कशाला? नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, नमुने दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात. तालुक्याच्या लीगसाठी तिथवर कोण जाणार? बाजारात पट्टीवाले किट मिळतात, ते गांजा-अफूसारख्या गोष्टींसाठी बनवलेले. स्टेरॉइड त्यात दिसत नाही. उलट एखाद्या पोराने सर्दीची गोळी घेतली असली तरी भलतीकडे रेघ उमटू शकते. मग त्याची गावात जी बदनामी होईल ती भरून देणार कोण?

माझ्या मते हौशी खेळ हौशीच राहू द्यावा. दमदाटीचे फ्लेक्स लावून काही होत नाही.

कोपरारक्षक

सरळप्रश्न, किटबद्दल तुमचं पटलं. आमच्या समितीत दोघांनी किट आणायचं सुचवलं होतं, तो मुद्दा मी काढून टाकतो.

पण 'हौशी' शब्दावर थोडं थांबतो. आपल्या कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेचं नावच मुळी भारतीय हौशी कबड्डी महासंघ. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावच्या पोराला पहिल्यांदा वाटलं की या मातीतून थेट टीव्हीवर जाता येतं. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्याला जिल्हा, राज्य अशी प्रमाणपत्रं लागतात, आणि निवड करणारे लोक आमच्यासारख्या स्पर्धांतूनच पोरं हेरतात. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने मालिकावीराला मोटारसायकल ठेवली. त्या मोटारसायकलसाठी उपांत्य फेरीत पोरं काय काय करायला तयार होती ते मी पाहिलंय. आम्ही हौशी म्हणतो, पण पणाला लागलेलं हौशी नसतं.

पूर्वीचा_चढाईपटू

मी राज्याकडून खेळलोय. नमुनाही दिलाय. इथे बहुतेकांनी ते पाहिलेलं नसेल म्हणून सांगतो.

सामना संपला की एक माणूस येऊन कागदावर सही घेतो आणि त्या क्षणापासून तुमची पाठ सोडत नाही. पाणी प्यायलात तरी शेजारी, चप्पल घालायला गेलात तरी शेजारी. बंद किट मांडलेले असतात, त्यांतलं एक तुम्हीच उचलायचं. मग शौचालयात तो समोर उभा, बनियन छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली. किमान नव्वद मिली लागतं. घाम जाऊन जाऊन अंगात पाणीच नसतं, मला दीड तास लागला होता. मग ते तुमच्या हातानेच दोन बाटल्यांत ओतायचं, ए आणि बी. झाकण फिरवलं की करकर आवाज होतो आणि ते पुन्हा उघडत नाही. ए मध्ये काही सापडलं तरच बी चा प्रश्न येतो, आणि बी उघडताना हजर राहायचा हक्क खेळाडूला असतो. 'मी तपासणीला येत नाही' म्हटलं तर तो नकारच गुन्हा आहे, त्याला चार वर्षं बंदी.

इतकी काळजी घेतात कारण एका माणसाचं नाव जाणार असतं. लीगने स्वतः तपासणी करायच्या भानगडीत पडू नये, यात मी सरळप्रश्न यांच्या बाजूने. मात्र नियम नको, हे पटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अजिंक्यपद मैदानी स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळलं आणि पोरं मैदानातून निघून गेली. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. शौचालयात सिरिंज पडलेल्या होत्या. तीही काही ऑलिंपिकची शर्यत नव्हती.

कार्डिफकर

इथे वेल्समध्ये दहा वर्षं राहतोय, मुलगा क्लबकडून रग्बी खेळतो. इथलं सांगतो, कदाचित उपयोग होईल.

ब्रिटनची उत्तेजकविरोधी संस्था बंदी घातलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करते. ती यादी वाचताना मला धक्का बसला होता, कारण त्यात नावाजलेले कमी आणि वेल्सचे हौशी, निमव्यावसायिक रग्बीपटू खूप. प्लंबर, सुतार, विद्यार्थी. शनिवारी सामना, पगार नाही. मैदानासाठी कमी आणि आरशासाठी जास्त घेतात, असं आमच्या क्लबचा प्रशिक्षक म्हणतो.

एक गोष्ट मात्र कोपरारक्षक यांनी पाहून ठेवावी. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत २०२१ पासून 'रिक्रिएशनल अ‍ॅथलीट', म्हणजे हौशी खेळाडू, असा वेगळा वर्ग आला. जो गेल्या पाच वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीचा नव्हता, देशाकडून खेळला नाही, त्याला या वर्गात धरता येतं. त्याला शिक्षेत लवचीकता मिळते, नुसत्या समजेपासून वर, आणि त्याचं नाव जाहीर करण्याची सक्ती नसते. दुसरं, कोकेन, गांजा, हेरॉइन, एमडीएमए यांसारखे नशेचे पदार्थ स्पर्धेबाहेर घेतले आणि खेळाशी संबंध नव्हता हे दाखवता आलं, तर बंदी तीन महिने, आणि उपचार पूर्ण केले तर एक महिना. ज्यांनी जगभराचे नियम केले त्यांनीही उपचाराला दार ठेवलं. तुमच्या त्या एका ओळीत ते नव्हतं.

डावा_कोपरा

बायकांच्या संघात खेळते, डावा कोपरा. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली, वजन. दादा, तुमचे दोन वजनी गट आहेत म्हणालात. वजन सामन्याच्या दिवशी सकाळी घेता की आदल्या दिवशी? आमच्याकडे एका स्पर्धेत सकाळी आठला वजन होतं. आदल्या रात्री जेवण बंद, पाणी बंद, पहाटे स्वेटर घालून पळायचं. आणि ज्यांचं तरी उतरलं नाही त्यांना एकीने लघवीची गोळी वाटली. फ्युरोसेमाइड. तेव्हा मला नावही माहीत नव्हतं. ही औषधं बंदी असलेल्या द्रव्यांच्या जागतिक यादीत कायम बंद आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, कारण पाण्याबरोबर बाकीचं धुऊन निघतं म्हणून लपवायलाही वापरतात. एक मुलगी दुपारच्या सामन्यात पिंडऱ्या आखडून रडत होती, पोटॅशियम उतरलं होतं.

दुसरी, सलाईन. रात्रीचे दोन सामने झाले की मॅनेजर म्हणतो, "चला, सलाईन लावू, सकाळी ताज्यातवान्या." आम्हाला ते औषधच वाटायचं. मी दोनदा घेतलीय. पाचशे मिलीची बाटली, खिडकीच्या गजाला टांगलेली, शाळेच्या वर्गात बाकावर झोपून. नंतर समजलं की रुग्णालयातल्या उपचाराशिवाय बारा तासांत शंभर मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून घ्यायला बंदी आहे, मग ते साधं मिठाचं पाणी का असेना. ज्या मैदानावर सलाईन लागते, त्या मैदानाचं वेळापत्रकच चुकलेलं असतं. दोन सामन्यांत अंतर ठेवा, हा पण तुमच्या उत्तेजकांच्या कलमाचाच भाग आहे असं मला वाटतं.

आणि तो मुलगा आता कसा आहे?

लाल_माती

कोल्हापूरकडचा आहे, वय बासष्ट. तालमीत वाढलो. आमच्या वेळी खुराक म्हणजे दूध, बदाम, थंडाई, तूप. वस्ताद सांगतील तेवढं. आज तालमीच्या कोनाड्यात पावडरीचे डबे आहेत, प्रत्येकाचा वेगळा, वस्तादाला नाव वाचता येत नाही.

मला भीती दुसरीच वाटते. संशय. नरसिंग यादव आपला. २०११, १२, १३ असा तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१५ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. २०१६ ला रिओच्या तोंडावर नमुन्यात मेथॅनडायनोन हे स्टेरॉइड सापडलं. अन्नात कुणीतरी मिसळलं असं तो म्हणाला, नाडाने १ ऑगस्टला ते मान्य करून सोडलं. वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, अपील केलं आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षं बंदी घातली. मिसळल्याचा पुरेसा पुरावा नाही, असं लवादाचं म्हणणं. मी खरं-खोटं करत नाही. मला एवढंच दिसलं की तुझ्या अंगात काय सापडलं त्याला तूच जबाबदार, असा त्यांचा नियम आहे. तो नियम मोठ्या पैलवानालाही पेलला नाही, जवळ वकील असून. गावच्या पोराला तो लावाल तर जपून लावा.

त्यापेक्षा डबे बघा. संघाचा मॅनेजर कुठून आणतो ते विचारा. पोर स्वतःहून सुईकडे जात नाही, कुणीतरी पहिल्यांदा टोचतं.

पूर्वीचा_चढाईपटू

काका, शेवटचं वाक्य लाखातलं. संहितेतही तसंच आहे. दुसऱ्याला टोचणाऱ्याला किंवा पुरवणाऱ्याला कमीत कमी चार वर्षं आणि वर आजीवनपर्यंत. प्रशिक्षकाने अल्पवयीनाला स्टेरॉइडसारखं काही दिलं तर आजीवनच.

पहाटेची_धाव

कबड्डीतलं कळत नाही, मी पळतो. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून आहे, त्यातली बरीचशी माणसं माझ्यासारखी हौशी. आमच्यात इंजेक्शन नाही पण वेदनाशामक आहे. सुरू व्हायच्या आधी आयब्युप्रोफेन, अर्ध्यात आणखी एक. ती यादीत नाही, त्यामुळे नियमभंगही नाही. पण पाणी कमी झालेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळते. मित्राला तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. 'यादीत नाही' आणि 'धोका नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या पत्रकात कुठेतरी यावं.

औषधवाला

यावर थोडं सविस्तर, कारण उलट बाजूनेही घोटाळा होतो. पोरं आजारपणाचं औषध घेतात आणि यादीत अडकतात.

पृथ्वी शॉचं सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ ला इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत नमुना घेतला, टर्ब्युटालिन निघालं, खोकल्याच्या औषधातलं. आठ महिने बंदी. आपल्याकडे कफ सिरपच्या बऱ्याच बाटल्यांत टर्ब्युटालिन असतं आणि काउंटरवर सर्रास मागतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल मात्र ठरावीक मात्रेपर्यंत चालतं. बीपीच्या जोडगोळीत पाणी काढणारं औषध असेल तर बंद. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद, आणि हे तर आपल्याकडे दुखापतीवर सहज देतात. ट्रॅमाडॉल २०२४ पासून स्पर्धेत बंद. पॅरासिटामॉल चालतं, सेट्रिझिन चालतं, चहा-कॉफी चालते. यादी दर १ जानेवारीला बदलते. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. खरंच गरजेचं औषध असेल तर उपचारासाठीची सवलत मागायची पद्धत आहे.

तुमच्या लीगमधून जी पोरं जिल्ह्याला, राज्याला जाणार, त्यांना हे आत्ताच कळलं पाहिजे. उद्या त्यांच्यासाठी ती करकर आवाजाची बाटली खरी होणार आहे.

सरळप्रश्न

बराच विचार केला. नियम नको हे मागे घेतो. २०२३ ला नाडाचे ५,६०६ नमुने आणि त्यातल्या ३.८ टक्क्यांत बंदी असलेलं काहीतरी सापडलं, मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत सगळ्यात जास्त. हे आकडे वाचून गप्प बसवत नाही. तपासणी होते तिथे ही गत, जिथे होतच नाही तिथलं काय सांगावं.

पण कोपरारक्षक, तुम्ही 'सांगितलं तर शिक्षा नाही' असं काहीसं लिहिणार दिसताय. त्याने पळवाट होईल. पोरगा घेईल, खेळेल, जिंकेल, आणि पकडला जातोय असं वाटलं की 'मी सांगतोय' म्हणेल. समोरच्या संघाने काय करायचं? त्यांनी ताकाच्या जिवावर सामना खेळलाय.

कोपरारक्षक

हाच प्रश्न मला रात्रभर छळत होता. स्वच्छ खेळलेल्या पोरांचा हक्क मोठाच आहे. त्या उपांत्य सामन्यात समोरच्या संघाचा एक पोरगा नंतर माझ्याकडे आला होता, रागाने नाही, फार शांतपणे विचारत होता, "काका, मग आम्ही हरलो की नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

असं सुचतंय. सांगण्याला माफी नसावी, सांगण्याला संरक्षण असावं. म्हणजे जीव धोक्यात असताना डॉक्टरांना किंवा आम्हाला जे सांगितलं, ते वाचून दाखवलं जाणार नाही, गावात फिरणार नाही, पोलिसात किंवा कामावर आमच्याकडून जाणार नाही, आणि सांगणाऱ्या जोडीदारावर काहीही कारवाई नाही. पण तो खेळाडू त्या हंगामात पुन्हा उतरणार नाही, आणि त्या सामन्याचे गुण समोरच्या संघाला. हंगामाबाहेर ठेवणं ही शिक्षा म्हणून नको, डॉक्टरांच्या कागदाशिवाय उतरवायचं नाही म्हणून. पुढच्या वर्षी तो परत येऊ शकतो.

पूर्वीचा_चढाईपटू

हे जमतंय. फक्त सगळ्या संघाला स्पर्धेतून काढू नका. बाकीच्या नऊ-दहा जणांना माहीतही नसतं, आणि संघ जाणार म्हटलं की पुन्हा सगळे तोंड मिटणार. एक सामना जावा, हंगाम नको. मॅनेजर किंवा प्रशिक्षकाने दिलं असेल तर मात्र त्याला कायमचा बंद करा आणि कुपी कुठून आली ते अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

आणखी एक, नोंदणीच्या वेळी नाडाच्या संकेतस्थळावर बंदीतल्या खेळाडूंची नावं बघून घ्या. बंदीतला माणूस गावोगावच्या स्पर्धांत 'बाहेरचा खेळाडू' म्हणून सर्रास खेळतो. त्याला घेऊ नका.

लाल_माती

आणि बक्षिसाचं बघा. मोटारसायकल एकालाच देता, त्यापेक्षा संघाला मॅट द्या, बूट द्या. मी सांगतोय ते जुनाट वाटेल. पण आमच्याकडे इनामाची रक्कम वाढली त्याच वर्षापासून कोनाड्यात डबे वाढले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

डावा_कोपरा

+१ काकांना. आणि ज्यांना सवय लागलीय त्यांचं? नुसतं बाहेर ठेवून ते सुटत नाही. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून, आमच्या ओळखीचा एक जण तिथून बरा होऊन आला. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६. हे दोन आकडे पत्रकावर मोठ्या अक्षरांत टाका, बाकी काही वाचलं नाही तरी.

कोपरारक्षक

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. मसुदा इथल्या चर्चेवरूनच केला, काय ठरलं ते लिहितो.

मैदानाच्या आवारात सुई, सिरिंज, सलाईन बंद. ज्याला आजारपणासाठी सुई लागते त्याने नोंदणीच्या वेळी कळवायचं, कागद एकाच माणसाकडे राहणार. शौचालयाच्या मागे दर सामन्यानंतर दोन कार्यकर्ते जाऊन बघतील, काही सापडलं तर चिमट्याने उचलून जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून आरोग्य केंद्रात देतील. कचरापेटीत टाकायचं नाही, सकाळी तिथे शाळेची मुलं खेळतात. लीग स्वतः कुणाची तपासणी करणार नाही, पट्टीचं किटही नाही. वजन आता हंगामाच्या सुरुवातीला एकदाच, सामन्याच्या सकाळी नाही. एका संघाचे एका रात्रीत दोन सामने नाहीत. यावर सगळ्यात जास्त भांडण झालं, कारण मैदानाचं भाडं वाढतं. शेवटी एक संघ कमी करून वेळापत्रक बसवलं. दिवे लागण्याआधी रक्तदाब मोजायचं यंत्र टेबलावर असेल, आमच्या गावातल्या निवृत्त परिचारिका ताई बसायला तयार झाल्यात. मॅनेजरची सही वेगळ्या कागदावर, पुरवल्याचं सिद्ध झालं तर तो कायमचा बाहेर. गुणांचं आणि हंगामाबाहेर ठेवण्याचं वर म्हटलं तसंच. अठराच्या आतल्यांना पालकांसमोर बसवून हे सगळं समजावून सांगायचं, नुसती सही घ्यायची नाही.

मोटारसायकलचं ठरलं नाही. व्यापारी ऐकत नाहीत. अजून दोनदा जाऊन भेटणार आहे.

डावा_कोपरा ताई, तुम्ही त्या मुलाबद्दल विचारलं होतं. बरा आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी अजून खेळायची परवानगी दिलेली नाही, मार्चमध्ये पुन्हा दाखवायचंय. परवा संध्याकाळी मी मैदानावर गेलो तर तो आणि तो जोडीदार फक्की मारत होते, मध्यरेषा ओढून झाली होती. मी मसुद्याचा कागद त्याच्या हातात दिला. उकिडवा बसून त्याने दोनदा वाचला. पांढरी बोटं लागू नयेत म्हणून कागद कोपऱ्यांना धरला होता. मी लिहिलं होतं, 'खेळाडूने काही घेतले असल्यास त्याने डॉक्टरांना त्वरित सांगावे.' तो म्हणाला, "काका, त्या वेळी मला बोलताच येत नव्हतं."

वाक्य बदललं. आता ते कलमातलं पहिलं वाक्य आहे आणि प्रत्येक सामन्याआधी माईकवरून वाचायचं ठरलंय: 'कुणी काही घेतलं असेल आणि त्याला त्रास होत असेल, तर जो शेजारी असेल त्याने डॉक्टरांना लगेच सांगायचं. सांगणाऱ्याचं नाव कापलं जाणार नाही.'